नळीतली रेती

हॅमिल्टन, कॅनडा
२६ फेब्रुवारी २०२३

मामाजींना आम्रपालीचा जय भीम.

सुनेचं पत्र बघून तुम्ही आधी पाकीट उलटंपालटं कराल. रुक्माआईंशी माझं दर रविवारी व्हिडिओवर बोलणं होतं आणि तुम्ही मागे खुर्चीवर बसून आमची तोंडं हलताना बघता. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मला जे विचारायचं आहे ते आईंच्या तोंडून विचारलं तर त्या रडतील, आणि मग मला त्यांची समजूत घालावी लागेल. तेवढी ताकद सध्या नाही. म्हणून लिहिते आहे. माझी शाळा दुर्गची, हिंदी मीडियमची, मराठी घरात बोलण्यापुरतं. अतुलची होस्टेलमधून आलेली पत्रं तुम्ही लाल पेनाने तपासून परत पाठवायचात म्हणे. माझं पाठवू नका.

अतुलला जाऊन उद्या शंभर दिवस होतील. मी ठीक आहे. कामावर जाते, जेवते, झोपते. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते पाठ झालं आहे. सुरुवातीला रडू यायचं, मग थांबलं, आता काहीच येत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना मधेच त्याचा शर्ट निघाला तर त्याचीही घडी घालते आणि ठेवून देते.

काम असं आहे. गॅरेजमध्ये अतुल एक वस्तू बनवत होता, ती अर्धी राहिली आहे. चाळीस लिटरचं, जाड बुडाचं स्टीलचं भांडं आहे. खाली बाजूला त्याने एक भोक पाडून ठेवलं आहे. तोटीचा कॉक आहे, वॉशर आहेत, वाकवलेली एक आखूड नळी आहे. आणि तांब्याच्या नळीचं मोठं वेटोळं आहे, ते भांड्यात बसतं. वेटोळं त्या दिवशी गाडीत होतं. पोलिसांनी बाकीच्या सामानासोबत परत दिलं. त्याला काही झालेलं नाही.

निखिल म्हणून अतुलचा इथला मित्र आहे, तो म्हणतो मी घेऊन जातो. मी देऊन टाकलं असतं, पण अर्धं देववत नाही. इथली आपली मंडळी १४ एप्रिलला जयंती करतात, तेव्हा शरबत थंड करायला तो हे बनवत होता. मला ते पूर्ण करायचं आहे. दुसरं काही करावंसं वाटत नाही, हे एक वाटतं.

सप्टेंबरात त्याने याच कामाबद्दल तुम्हाला पत्र टाकलं होतं. तुमचं बोलणं बंद होतं ते मला माहीत आहे. पण तो म्हणायचा, "बाबा बोलनार नाईत, पन पाइपाचं इचारलं तं उत्तर देतीनच. त्याईच्यानं राहवतच नाही." तुमचं उत्तर मला घरात कुठे सापडलं नाही, म्हणून पुन्हा विचारते.

कॉकचं भोक बुडापासून तीन बोटं वर आहे. मग खालचं तीन बोटं पाणी बाहेर कसं येणार? आणि वेटोळ्यात थंड पाणी कोणत्या टोकाने सोडायचं?

आम्रपाली


रिसाली, भिलाई
२० मार्च २०२३

चि. आम्रपालीस भय्याजी मेश्रामचा जय भीम.

तुझं पत्र मिळालं. लाल पेन काढला नाही, पण अशा मोठ्या भांड्याला आमच्याकडे गंज म्हणतात तेवढं सांगतो.

माझे कान माझ्या आधीच रिटायर झाले, पण हात अजून ड्युटीवर आहेत. तेव्हा नीट वाच आणि आधी कळस मग पाया करू नकोस. आधी कॉक, मग आखूड नळी, सगळ्यात शेवटी वेटोळं.

भोक वर आहे ते चुकून नाही, बरोबर आहे. अतुलचा हात असा चुकणार नाही. कॉक बाहेरून लाव, मधे रबरी वॉशर, आतून चेकनट, म्हणजे ती चपटी चाकी. चेकनट हाताने घट्ट कर, मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. जास्त आवळलं की वॉशर चेपतो आणि ठिबकतो. आता ती आखूड नळी आतून कॉकला जोड आणि तिचं तोंड खाली वळव. तोंड बुडापासून अर्धा इंच वर राहू दे. कॉक उघडला की नळी पाण्याने भरते आणि भोकाच्या खालचंही पाणी ओढून आणते, जोवर तिचं तोंड पाण्यात आहे तोवर. जोडातून हवा शिरली तर ओढणं थांबेल, म्हणून जोडावर टेप गुंडाळ. नळीचं तोंड मधोमध ठेवू नकोस, कडेला ठेव. गाळ मधे बसतो, तो गंजातच राहतो.

वेटोळ्याची दोन्ही टोकं गंजाच्या काठावरून बाहेर येऊ दे आणि रबरी पाइपाचे जोड गंजाच्या बाहेर ठेव. जोड कधी ना कधी गळतोच. गळला तर बाहेर गळावा, मालात नाही. थंड पाणी वरच्या वेढ्यात सोड, कारण उष्णता वर असते.

अतुलचं पत्र मिळालं होतं. त्याचं नंतर बघू.

आता मी विचारतो. शरबत कोणी उकळत नाही. मग जाड बुडाचा गंज कशाला? शरबतात गाळ बसत नाही, मग गाळ मागे ठेवणारी नळी कशाला? मी बत्तीस वर्षं प्लांटात गरम ते थंड करायचे पाइप जोडले. कोणत्या गंजात काय शिजणार ते मला जोडणीवरून कळतं. हेही कळलं आहे, पण तू आपल्या हाताने लिही.

रुक्माला या पत्रांचं काही सांगितलेलं नाही. मी पत्र टाकायला दुर्गच्या मोठ्या पोस्टात जातो, ती समजते दवाखान्यात जातो.

भय्याजी


हॅमिल्टन
१६ एप्रिल २०२३

मामाजींना जय भीम.

बियरसाठी आहे.

शरबताचं मी खोटं लिहिलं. इथे लोक घरी बियर बनवतात, कायद्याने चालतं. जव उकळून जो काढा होतो तो लवकर थंड करावा लागतो, नाहीतर बिघडतो. त्यासाठी वेटोळं. अतुल निखिलच्या घरी शिकला आणि त्याला स्वतःचं भांडं हवं होतं. बियरपेक्षा त्याला भांड्याचंच वेड जास्त होतं, पण हे मी त्याची बाजू घेऊन सांगते आहे असं तुम्हाला वाटेल. वाटू दे.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे कॉक बसवला. पहिल्यांदा गळला, कारण मी पाव फेऱ्याऐवजी पूर्ण फेरा आवळला. दुसरा वॉशर घातला, आता गळत नाही. आखूड नळीही लावली. भांड्यात पाणी भरून बघितलं, तुम्ही म्हणता तसं अर्ध्या इंचापर्यंत सगळं ओढून काढलं. मी ते तीनदा करून बघितलं. दुपार त्यातच गेली आणि बरं वाटलं. खरं तर बरं वाटलं असं नाही, वेळ गेला.

जयंती परवा झाली. मी गेले, बसले, घरी आले.

आता अडचण. वेटोळ्यातून पाणी जात नाही. दोन्ही टोकांना लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. एक पकडीने काढली तर चमचाभर रेती पडली आणि थांबली. फुंकून बघितलं, आपटून बघितलं, काही नाही. आत सगळी रेतीच भरली आहे असं वजनावरून वाटतं. ही रेती कशाला? आणि ती बाहेर कशी काढायची?

आम्रपाली


रिसाली, भिलाई
१४ मे २०२३

चि. आम्रपालीस जय भीम.

रेती मी शिकवलेली आहे.

तांब्याची नळी रिकामी वाकवली की मधे चेपते. म्हणून आत बारीक रेती ठासून भरायची, दोन्ही टोकं खुंटीने बंद करायची, मग ड्रमभोवती गुंडाळायची. तिला एक सुरकुती पडत नाही. अतुल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा विहारासमोरच्या जयंतीच्या स्टॉलसाठी आम्ही दोघांनी असं वेटोळं केलं. ते बर्फाच्या ड्रममध्ये ठेवायचं, वरून शरबत सोडायचं, खालून थंडगार निघतं. अठरा वर्षं तेच चालू आहे. यंदा मी स्टॉलवर गेलो नाही. शेजारच्या धर्मेंद्रने लावलं, बर्फ अर्धाच भरला आणि लोकांना कोमट पाजलं म्हणे.

तू खरं लिहिलंस, मीही लिहितो. माझा धाकटा भाऊ धनंजय दारूने गेला. चौतिसाव्या वर्षी, माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर. त्यानंतर आमच्या वस्तीतले चार गुत्ते मी लोकांना घेऊन बंद केले. विहारात दर रविवारी वंदना मी घ्यायचो. पाचवं शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, ते मी धनंजयचं नाव मनात घेऊन म्हणायचो. आणि २०१९ च्या बुद्धपौर्णिमेला माझा इंजिनिअर मुलगा कुम्हारीच्या दोस्तांबरोबर बियर पिऊन माझ्या शेजारी शील म्हणायला उभा राहिला. मला वास आला. मी माइकवर होतो. माइकवरच म्हणालो, "तू मांगं जाऊन बस. तुह्या तोंडातून पाचवं शील नोको." सगळ्यांनी ऐकलं. तो मागे जाऊन बसला. आमचं ते शेवटचं बोलणं.

आता तो गाडीच्या अपघातात गेला. इथे जो भेटायला आला त्याच्या डोळ्यांत मला एकच प्रश्न दिसला, आणि माझ्याही मनात तोच आहे. म्हणून मी त्याच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी केला नाही. रुक्मा रोज म्हणते, "भंतेजीले बोलवा. पोराचं नाव घ्याले तुमाले लाज वाटते का?" मी म्हणतो, ऐकू आलं नाही. भंतेजी आले की सगळ्यांना उभं राहून पंचशील घ्यावं लागतं. दारू पिऊन मेलेल्या मुलाच्या फोटोसमोर उभं राहून मी पाचवं शील कसं म्हणू? नोव्हेंबरपासून मी विहारात गेलेलो नाही.

तेव्हा मला एवढंच सांग. त्या दिवशी तो प्यायलेला होता का? तू कागद बघितले असशील. आधी हे लिही, मग मी रेतीचं लिहितो.

भय्याजी


हॅमिल्टन
१८ जून २०२३

मामाजी, जय भीम.

तुम्ही रेतीचं उत्तर अडवून धरलंत. मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ वाट बघितली, आला नाही. मग फाइल काढली.

रक्तात दारू नाही. शून्य. कागदाची झेरॉक्स सोबत आहे, आकडा इंग्रजीत आहे पण शून्य सगळीकडे सारखंच दिसतं.

शनिवार होता, सकाळचे साडेदहा. त्याने पोहे खाल्ले होते, दोनदा चहा घेतला होता. बर्फ पडत होतं. समोरून येणारा ट्रक घसरून त्याच्या बाजूला आला. अतुल हळू चालला होता आणि आपल्याच बाजूने चालला होता, असं कागदात लिहिलं आहे. हेही लिहिते, नाहीतर पुढच्या पत्रात तुम्ही ओळखालच: तो शनिवारी संध्याकाळी दोन ग्लास घ्यायचा. दोन. पण तो शनिवार संध्याकाळपर्यंत गेला नाही.

घरातून निघताना म्हणाला, टायरवाल्याकडे जाऊन येतो. बर्फाचे टायर लावायचे राहिले होते, मला वाटलं त्यासाठीच. गाडीत वेटोळं का होतं ते मला कळत नव्हतं आणि मी विचारही केला नव्हता. तुमचं रेतीचं पत्र वाचून मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, टायरवाल्याकडे हवेचा मोठा कॉम्प्रेसर आहे, त्याने नळीत हवा मारून रेती उडवायची असं त्यांचं ठरलं होतं. निखिल ऑक्टोबरपासूनच चल म्हणत होता. अतुल म्हणायचा, थांब, बाबांचं पत्र येऊ दे. जवळपास आठ आठवडे थांबला. मग त्या शनिवारी निघाला.

तुमचं उत्तर पोस्टात हरवलं असेल. इथे तसं होतं, माझ्या बँकेचं पत्रही एकदा हरवलं होतं.

मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. आता तुम्ही माझ्या प्रश्नाचं द्या.

आम्रपाली


हॅमिल्टन
१० सप्टेंबर २०२३

मामाजींना जय भीम.

तीन महिने झाले, तुमचं पत्र नाही. आई सांगतात की तब्येत बरी आहे, जेवता. मागच्या रविवारी तुम्ही खुर्चीवर नव्हता. आई म्हणाल्या, "ते आतमंधी लोखंडी पेटीजवळ बसून राहतात. दोन महिन्यापासून असंच चालू आहे. काई इचारलं तं ऐकू नाही आलं म्हणतात." मी त्यांना काही सांगितलं नाही.

माझ्या जूनच्या पत्रात काही जास्त लिहिलं गेलं असेल तर राहू द्या. मी हल्ली जे असतं ते लिहिते, ते लागेल की नाही हे मला आधी कळत नाही.

वेटोळं तसंच आहे. निखिल म्हणाला नवीन नळी आणू, ही फेकून दे. मी नाही म्हटलं. सकाळी कामावर जाताना गॅरेजमधून जाते, तेव्हा ते दिसतं.

आम्रपाली


रिसाली, भिलाई
२६ ऑक्टोबर २०२३

चि. आम्रपालीस जय भीम.

तुझं जूनचं पत्र मला सहा जुलैला मिळालं. माझं उत्तर पोस्टात हरवलेलं नाही. मी उत्तर लिहिलंच नव्हतं. लिहिणार कसा, मी त्याचं पत्र उघडलं नव्हतं.

२०१९ नंतर त्याची तीन पत्रं आली. मी एकही फोडलं नाही. फेकलंही नाही. पेटीत माझे रिटायरमेंटचे कागद आहेत त्यांच्याखाली ठेवत गेलो. त्याचं अक्षर बघून मला कळायचं की उघडलं तर मी विरघळणार, आणि मला विरघळायचं नव्हतं. मला वाटायचं, आधी त्याने इथे यावं, विहारात सगळ्यांसमोर चूक कबूल करावी, मग पत्रं उघडू. आपल्याजवळ वेळ आहे असं मी धरून चाललो होतो.

तू पहिल्याच पत्रात लिहिलंस की त्याने याच कामाचं विचारलं होतं. तेव्हाच मी पेटी उघडायला हवी होती. नाही उघडली. उलट तुलाच अडवून बसलो. मग तू पोस्टाच्या माथी दोष मारलास. तो तिथेच राहू द्यावा असं मला वाटलं. तीन महिने मी पेटीजवळ बसून हाच विचार केला. कोणाला कळणार होतं?

विजयादशमीला रुक्मा विहारातून आली आणि पदराने तोंड पुसत दारात उभी राहिली. "कावून बसून राहिले तुमी इथं? का आहे त्या पेटीत?" मी म्हणालो नाही की ऐकू आलं नाही. तिन्ही पत्रं काढून तिच्या हातात दिली. तिने पाकिटं बघितली, सगळी बंद. ती आत गेली, गॅस बंद केला, परत येऊन खाली बसली आणि म्हणाली, "वाचा." मी मोठ्याने वाचली. नंतर मी तिला तुझी पत्रंही दाखवली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि जाते. त्याला तीन वर्षं कसं वाटलं असेल ते मला आता कळतं आहे. ताटात सगळं असतं आणि जेवण जात नाही.

शेवटचं पत्र तुझ्यासाठी ऱ्हस्वदीर्घ सोडून जसंच्या तसं उतरवून देतो. मूळ माझ्याजवळ राहू दे.

"२४ सप्टेंबर २०२२. बाबांना जय भीम. आधीच्या दोन पत्रांत माफी मागून झाली, या पत्रात फक्त कामाचं लिहितो. मी तांब्याची तीन सुताची नळी घेतली, पन्नास फूट. तुम्ही शिकवलं तशी रेती चाळून भरली आणि गुंडाळली. वेटोळं एकदम झकास झालं आहे, तुमच्या शरबताच्या कूलरपेक्षा चांगलं. पण रेती निघत नाही. भरायच्या आधी ती भाजायला पाहिजे होती, मी कंटाळा केला. जयंतीच्या कूलरमधून तुम्ही कशी काढली होती ते मला आठवत नाही. इथला माझा मित्र निखिल म्हणतो, टायरवाल्याकडे जाऊन हवा मारू. मी म्हटलं आधी बाबांना विचारतो, ते सांगतील तसंच करू. हे कशासाठी आहे ते तुम्ही ओळखालच, मी लपवत नाही. त्यावर रागवा, पण रेतीचं सांगा. बोलायचं की नाही ते नंतर ठरवा. तुमच्या पत्राची वाट बघतो. अतुल."

एवढंच आहे.

१९ नोव्हेंबरला त्याला जाऊन वर्ष होतं, रविवार आहे. त्या दिवशी घरी पुण्यानुमोदन ठेवलं आहे, भंतेजींना सांगून आलो. तू व्हिडिओवर ये, रुक्माने म्हटलं आहे, म्हणजे धर्मेंद्रच्या हाताने तसा निरोप दिला आहे. मला पाचव्या शीलाची भीती होती, ती आता राहिली नाही. आता मी पहिल्यालाच अडतो. जीव घेण्यापासून दूर राहण्याचं. दोनदा एकट्याने म्हणून बघितलं, त्याच्यापुढे जाता येत नाही. भंतेजींना सांगितलं की शील दुसऱ्या कोणाला घेऊ द्या, मी मागे जाऊन बसेन. ते म्हणाले, बघू. बघण्यासारखं काही नाही. माझी जागा तिथेच आहे.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तू करायचं की नाही ते तू बघ, मला कळवलं नाहीस तरी चालेल. तुला रेतीचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. पण ते आधी त्याने विचारलं होतं, म्हणून त्याच्याच नावाने लिहिलं आहे. सोबत आहे. वरातीमागून घोडं आहे, पण काम त्यात बरोबर लिहिलं आहे. तू वाच आणि तसं कर.

भय्याजी


रिसाली, भिलाई
२६ ऑक्टोबर २०२३

चि. अतुल यास बाबांचा जय भीम.

तुझं २४ सप्टेंबरचं पत्र मिळालं. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका आहेत. लाल पेन सापडला नाही.

नळी पन्नास फूट घेतलीस ते ठीक केलंस. माझ्या कूलरपेक्षा चांगलं झालं म्हणतोस, ते बघितल्याशिवाय मी मानत नाही.

रेती ओली राहिली आहे, दुसरं काही झालेलं नाही. जयंतीच्या वेळीही हेच झालं होतं. तुला आठवत नाही कारण तू त्या दुपारी जेवून झोपलास आणि मी एकट्याने काढली. उठवलं नाही. परीक्षा देऊन आला होतास.

आता नीट वाच. आधी दोन्ही टोकांच्या खुंट्या काढ. दोन्ही. एकही राहिली तर आत वाफ कोंडते आणि नळी फुटते, माणूस भाजतो. मग वेटोळं मंद आचेच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेव. तुमच्याकडे मोठा ओव्हन आहे असं तुझी आई सांगते. बाहेर काढून पूर्ण निवू दे, गरम असताना हात लावू नकोस. मग लाकडाच्या दांड्याने टोकापासून एकेका वेढ्यावर हलके ठोक. लोखंडाने नको, खड्डे पडतात. ठोकत ठोकत वेटोळं एकाच दिशेने हातात फिरवत राहा, चाक फिरवतो तसं. रेती एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात सरकते आणि टोकाने पडते. पहिल्यांदा अर्धी निघेल. पुन्हा तापव, पुन्हा फिरव. तीन वेळात सगळी येते. शेवटी पाणी सोडून धुऊन घे. भांड्यात काय करणार ते मी विचारत नाही.

टायरवाल्याकडे जायचं तू लिहिलं आहेस. जाऊ नकोस. ओल्या रेतीला हवेचा दाब दिला की ती आणखी घट्ट बसते, मग निघतच नाही. निखिलला सांग, बाबा नाही म्हणाले. आणि तिकडे तेव्हा बर्फ असतं असं तुझी आई म्हणते.

घरीच होण्यासारखं काम आहे. कुठे जाऊ नकोस.

बाबा